बोलावलेल्यांची पाठवणी

"वकील कोण हाय हितं?"

रिसेप्शनच्या काचेपलीकडून आवाज आला आणि आमच्या मजल्यावरची निम्मी डोकी वर झाली. कानाला हेडफोन लावून बसलेली मुलंसुद्धा वळून पाहू लागली. आवाज काही फार मोठा नव्हता, पण माळावरून लांबवर जायची सवय झालेला होता.

मी उठून बाहेर गेले. सोफ्याच्या अगदी कडेला एक म्हातारे गृहस्थ टेकले होते. धोतर, शर्ट, डोक्याला तांबडा पटका, कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ. आणि पुण्यात ऑक्टोबरची काहिली चालू असताना गळ्याभोवती लोकरीचा मफलर. शेजारी त्यांची बायको, मांडीवर कापडी पिशवी धरून.

"मी वकील," मी म्हटलं.

"आँ?"

"मी आहे वकील. हेमांगी चौसाळकर."

त्यांनी बायकोकडं पाहिलं. "सोजर, आलं का ऐकू तुला? वकील म्हनं. अगं, इतकं हळू बोलल्यावर जज्जाला काय घंटा ऐकू जात असंल?"

"जज्ज कुठाय हितं," सोजरबाई म्हणाल्या. "हितं समदा खेळच हाय."

ते भूम तालुक्यातले गोंधळी होते, रंगनाथबुवा पाचंगे. आमच्या गेममध्ये त्यांचा आवाज होता, एवढं मला कागदांवरून ठाऊक होतं. रेकॉर्डिंग झालं तेव्हा मी त्या कंपनीत लागलेही नव्हते.

बाणेरला व्हिडिओ गेम बनवणारा तो स्टुडिओ. तिथे नोकरी मिळाली तेव्हा अंबाजोगाईला आमच्या घरी कुणालाच नीट कळलं नाही की मी नक्की काय करणार. "गेमला वकील कशाला लागतो गं?" हे मला प्रत्येक लग्नाच्या पंगतीत विचारलं जाई. मी सांगायची, गेममधलं प्रत्येक चित्र, प्रत्येक सूर, प्रत्येक आवाज कुणाचा तरी असतो. तो कंपनीचा झाला, हे कागदावर आणायचं माझं काम. "म्हणजे खरेदीखतच की," माझे वडील म्हणत. ते स्वतः जन्मभर बांधाच्या नि वाटणीच्या दाव्यांत वकील म्हणून उभे राहिलेले. मी घरून निघाले तेव्हा आईनं मात्र कायद्याचं काही विचारलं नाही. माझे नेम तिला माहीत होते: सकाळी पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय पाणी नाही, जेवताना मौन, दिवेलागणीला दिवा. त्यात तिनं एक नेम वाढवून दिला. "ज्या तोंडानं देवापुढं स्तोत्र म्हणतेस, त्या तोंडानं खोटं बोलायचं नाही. अगदीच अडलं तर गप्प बस."

वकिलीत गप्प बसणं पुष्कळदा पुरतं, असा माझा तोवरचा अनुभव होता.

बुवांना आणि सोजरबाईंना मी माझ्या टेबलाशी घेऊन आले. चहा मागवला. बुवा बशीत ओतून तो प्याले आणि बशी बाजूला ठेवून सांगायला लागले.

"शिमग्याच्या टायमाला बोलावलं होतं मला हितं. ती आतली खोली हाय बगा, भिंतीला गाद्या लावलेली."

"रेकॉर्डिंग रूम."

"तीच. म्हनलं, नुसतं उभं राहून मी म्हननार न्हाई, रीतीनं म्हननार. चौक मांडला, कळस मांडला. दिवटी तेवढी पेटवू देईनात. म्हनले, वर छताला भोंगा हाय, धूर झाला की वरडतो. म्हनलं बरं. संबळावर हात टाकला नि आवतण सुरू केलं. तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची, एकेकीचं नाव घेऊन, गोंधळाला या म्हणून. आवतण सरलं, तसा काचेपल्याडनं आवाज आला, 'काका, एक नंबर! झालं आपलं.' म्हनलं, झालं कसं? आत्ता तर पाव्हणे दारात आले. तर म्हनले, बाकीचं नंतर."

"आणि मग?"

"मग काय? नंतर म्हनल्यावर मी वाट बघितली."

"वाट बघितली म्हंजे कशी," सोजरबाई मध्येच म्हणाल्या, "तवाधरनं एक गोंधळ घेतला न्हाई ह्यांनी. समदी लगीनसराई कोरडी गेली. सुपारी घेऊन आलेली माणसं उंबऱ्यावरनं माघारी लावली. आमदाराच्या पुतण्याचं लगीन होतं, त्यालाबी न्हाई म्हनले."

"एक गोंधळ उघडा टाकून दुसरा मांडू कसा?" बुवा तिच्यावर खेकसले. "तुझ्या घरी पंगत बसलीय, नि तू शेजाऱ्याकडं वाढायला जाशील का?"

मी हळूच विचारलं, "तुम्हाला काय हवंय बुवा?"

माझे वरिष्ठ, वाकणकर सर, आम्हाला शिकवत की समोरचा माणूस शेवटी पैसेच मागतो, फक्त तिथवर यायला त्याला वेळ लागतो. मी थांबले.

"त्या खोलीत अर्धा तास द्या. आख्यान लावत न्हाई. आरती करतो, कळस हलवतो, आलेल्यांला पाठवतो नि जातो. तुमची मशिनं बंद असली तरी चालंल."

त्यांनी मफलर सैल केला. गळ्याच्या उजव्या अंगाला आवळ्याएवढी गाठ होती.

"दिवाळी झाली की कापनारेत. डाक्तर म्हनला, जीव वाचंल, आवाजाचं सांगत न्हाई. ज्या तोंडानं बोलावलं त्याच तोंडानं पाठवायचं असतंय ताई. म्हणून घाई."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या मॉनिटरशेजारी गेली. तिथे योगेश्वरीची लहानशी तसबीर असे. ते पुढे वाकले.

"ही तर जोगाई! अंबाजोगाईच्या का तुमी?"

"हो."

"मग झालं! हिलाबी बोलावलंय मी. हीबी आत बसलीय, त्या गाद्यांच्या खोलीत."

कार्यालयात अडकून पडलेल्या एखाद्या मावशीबद्दल सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मला हसू आलं. संध्याकाळी घरी दिव्याला वात लावताना तेच शब्द पुन्हा आठवले, तेव्हा हसू आलं नाही.

आमच्या गेममधले सगळे आवाज नाझनीन सांभाळायची. सोलापूरची, तोंडानं फटकळ. मी तिला गाठलं तेव्हा ती तलवारीच्या खणखणाटासाठी स्वयंपाकघरातल्या उलथन्यावर उलथनं आपटत होती.

"नंतर म्हटलं असेन मी," ती म्हणाली. "मी सगळ्यांनाच नंतर म्हणते गं. आईलासुद्धा."

"पण शेवट का नाही घेतला?"

"कारण तो नकोच होता. हे बघ, देवळाच्या पायरीवर लढाई होते. ती किती वेळ चालेल हे खेळणाऱ्याच्या हातात. कुणी पटकन मरतं, कुणी तासभर झुंजतं. तोवर गाणं फिरत राहिलं पाहिजे. शेवट असला की लूप तुटतो, कानाला झटका बसतो. म्हणून नुसतं बोलावणं घेतलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सांधा कुठाय ते तुला शोधूनही सापडणार नाही, पैज लाव."

मग मी तिला बुवांचं म्हणणं सांगितलं. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"आमच्यात पण," ती म्हणाली, "दर्ग्यात उरुसाचा संदल काढला की अर्ध्यावर नाही सोडत." आणि धावतच बाहेर गेली. "काका!" करून तिनं बुवांचे दोन्ही हात धरले. बुवा खूश. "माझा खेळ झाला का गं तयार? गावात सांगून बसलोय मी. लोकं म्हनत्यात, म्हातारा थापा मारतोय."

वाकणकर सर वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं काय झालं ते वाचून तसं वाटेल.

"येऊ दे की," ते म्हणाले. "गाऊ दे. आमच्याकडे माझ्या लग्नानंतर गोंधळ घातला होता. माझी काही हरकत नाही. आधी सही मात्र हवी."

त्यांनी तोंडी मजकूर सांगितला आणि मी तो उतरवला. मी केलेले काम संपूर्ण झाले असून त्यातील काहीही करावयाचे राहिलेले नाही.

"सर, पण ते तर म्हणतात राहिलंय."

"म्हणूनच हवी. आपला गेम बाहेरच्या देशातला प्रकाशक घेतोय. त्यांचे वकील आपला एकेक कागद भिंग लावून बघतायत. अशा वेळी एक कलाकार दारात येऊन म्हणतो, काम अर्धं आहे. आणि आपण त्याला दार उघडून देतो. म्हणजे आपणच कबूल केलं की अर्धं आहे! अर्ध्या कामाचे हक्क पुरे कसे मिळाले, असं त्यांनी विचारलं तर तू उत्तर देणार आहेस? इतक्या हळू आवाजात?"

बुवांना आत बोलावलं. सरांनी स्वतः मजकूर वाचून दाखवला, नीट, सावकाश.

बुवांनी डोकं हलवलं. "पुरं झालं असं लिहून दिलं, तर मग मी आलो कशाला?"

"अहो, नुसतं कागदापुरतं आहे हे."

"कागदापुरतं म्हंजे? देवीला वाचता येत न्हाई का?"

सरांना हसू आवरेना. माझ्याकडे वळून म्हणाले, "उलटतपासणीला यांनाच उभं करत जाऊ." पण कागद काही त्यांनी मागे घेतला नाही. आणि बुवांनी लेखणी हातात घेतली नाही.

मी बुवांना म्हटलं, "चतुःशृंगीला जाऊ या का? देवीचंच ठिकाण आहे. मी येते बरोबर. तिथं करा पाठवणी."

"लेकी," ते म्हणाले, पहिल्यांदाच मला लेक म्हणून, "पाव्हणे ज्या घरात बसलेत त्या घरातनं उठवायचे, का शेजारच्या घरात जाऊन म्हनायचं, उठा आता?"

दोघांना रिक्षात बसवून द्यायला मी खाली गेले. बुवा रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत होते. सोजरबाईंनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

"ताई, आवाज गेला तर जाऊ द्या. जलमभर ऐकलाय मी, रागाचाबी नि गोडाचाबी. पर हे असं उघडं टाकून गेला, तर ह्यो माणूस नीट मरायचा न्हाई. ते बगा काय जमतंय का."

जेवताना मी बोलत नाही हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून माझ्या डब्याशी कुणी फिरकत नसे. दुसऱ्या दिवशी त्या मौनातच मला मजकूर सुचला. कंपनीला जेवढा भाग हवा होता, तेवढा कंपनीला मिळाला आहे. कलाकाराचा विधी त्याच्या रीतीप्रमाणे पुरा व्हायचा आहे, आणि त्यासाठी कंपनी जागा देत आहे. एकाच्या पुरं होण्यानं दुसऱ्याचं अर्धं राहणं खोटं ठरत नाही, आणि दुसऱ्याच्या अर्धं राहण्यानं पहिल्याचा हक्क उणा होत नाही.

सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हे कुठून आणलंस?"

"डब्यातून," मी म्हटलं.

"चालेल हे. चांगलं चालेल. पण मी एकटा हो म्हणू शकत नाही गं. कागद प्रकाशकाकडे जायला हवा."

बुवांना मी फोनवर वाचून दाखवलं. मग त्यांचा आवाज आला, जरा खरखरीत झालेला. "हे खरं हाय. ह्याच्यावर करतो सही. कवा येऊ?"

"कळवते बुवा. लवकरच."

ते मी खोटं बोलले नव्हते. मला खरोखरच तसं वाटत होतं.

प्रकाशकाच्या वकिलांकडून पहिलं उत्तर आलं ते असं, की हे काम बघणाऱ्या बाई रजेवर आहेत. त्या परत आल्या आणि प्रश्न सुरू झाले. विधी म्हणजे नेमकं काय? त्यात ज्वाला असते का? त्यानं कुणाच्या भावना दुखावतील का? मी एकेकाचं उत्तर लिहीत गेले, आणि प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघत गेला. तिकडे सकाळ व्हायची तेव्हा इकडे दिवेलागण. मी दिवा लावून पुन्हा लिहायला बसायची. 'आमंत्रितांना निरोप द्यायचा आहे' हे वाक्य वाचून त्या बाईंनी विम्यासाठी विचारलं, की बाहेरून येणाऱ्या आमंत्रितांची नावं आणि त्यांच्या प्रवेशाची वेळ कळवावी.

मी लिहिलं, ते आधीपासूनच आत आहेत.

यावर नाझनीन हसून हसून टेबलावर आडवी झाली. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हेमा, दिवाळी आली गं."

मी आमच्या एका मोठ्या साहेबांना भेटून आले. वाकणकर सरांनीही स्वतःहून दोनदा फोन केला, हेही मी मुद्दाम लिहिते. त्यांनी मला बजावलं की परवानगीशिवाय दार उघडलं तर माझी नोकरी तर जाईलच, पण त्या कागदाचीही किंमत राहणार नाही. मी उघडलं नाही. बुवांचा अधूनमधून फोन यायचा. दर खेपेला आवाज आदल्या खेपेपेक्षा आत गेलेला. "पाव्हणे बरे हायत ना?" ते विचारायचे. मी म्हणायची, "बरे आहेत बुवा." रोज सकाळी त्या खोलीच्या उंबऱ्याशी मी हळदकुंकू वाहत होते. सफाईच्या मावशी ते रोज पुसायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

परवानगी आली. एका ओळीची. आमची हरकत नाही.

मी जागेवरूनच फोन लावला. सोजरबाईंनी उचलला.

"ताई," मी बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "झालं आपरेशन. चांगलं झालं म्हनत्यात. ह्यांला आता बोलता येत न्हाई."

मागून कसली तरी ठकठक ऐकू आली, खाटेच्या लाकडावर कुणी बोटं वाजवावीत तशी.

"विचारत्यात," सोजरबाई म्हणाल्या, "हो म्हनले का म्हणून."

"हो म्हणाले."

पुन्हा ठकठक.

"येतो म्हनत्यात."

थंडी पडल्यावर ते आले. पटका तोच, कुंकू तेच, माळ तीच. मफलर होता तिथं पांढरी पट्टी, आणि पट्टीच्या मधोमध असलेल्या भोकातून येणारा जाणारा श्वास. नाझनीन 'काका!' म्हणून धावली नाही. ती पुढं आली, वाकून तिनं त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "भोंगा बंद करून घेतलाय आज. पेटवा दिवटी."

बुवांनी नव्या कागदावर सही केली. वाचून बघितला नाही. माझ्याकडे बघितलं आणि केली.

गाद्यांच्या त्या खोलीत सोजरबाईंनी चौरंगावर तांबडं कापड अंथरलं, तांदूळ ओतले, कळस मांडला. बुवांनी संबळ कमरेला बांधला, दिवटी पेटवली. काचेपलीकडून नाझनीननं माझ्याकडे पाहिलं. तिचं बोट बटणावर होतं. रेकॉर्ड करू का, ती खुणेनं विचारत होती.

मी नाही म्हटलं.

संबळ सुरू झाला. इतक्या लहान खोलीत तो छातीवरच वाजत होता. बुवांचे ओठ हलू लागले. एकेकीचं नाव ते घेत होते. तुळजापूर ओठांवर ओळखू आलं, माहूर आलं. आवाज म्हणून काही नव्हतं, पट्टीच्या भोकातून सुटणारी हवा होती फक्त. आवाज गिळण्यासाठीच बांधलेल्या त्या भिंती. मध्येच त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि ओठ सावकाश हलवले, मला कळावं म्हणून. जोगाई. मी हात जोडले.

आरती झाली. बुवांनी कळसाला हात लावून तो जरासा जागचा हलवला, अक्षता टाकल्या आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका थकवा आणि इतकं सुख मी एकत्र कधी पाहिलं नव्हतं. लेकीची गाडी वळणाआड गेल्यावर बाप बसतो तसे ते बसले होते.

थोड्या वेळानं त्यांनी भिंतीवरच्या स्पीकरकडे बोट केलं.

"ऐकायचंय त्यांला," सोजरबाई म्हणाल्या. "घरनंच ठरवून आलेत. आपला आवाज कसा होता ते बघायचंय."

नाझनीननं मोठ्या पडद्यावर गेम सुरू केला. डोंगर, तटबंदी, देवळाची पायरी. तलवार घेतलेला एक वीर. मग त्या खोलीत रंगनाथबुवांचा आवाज आला.

रिसेप्शनवर ऐकलेला आवाज गाठ झाल्यानंतरचा होता हे मला तेव्हा कळलं. हा त्याच्या आधीचा, भरल्या घागरीसारखा. सोजरबाईंनी पदर तोंडात धरला. बुवा मांडीवर ताल धरून डुलत होते, हसत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. पडद्यावर लढाई जुंपली. आवतण चढत चढत गेलं, शेवटच्या नावापर्यंत आलं.

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. सांधा कुठेच जाणवला नाही.

बुवांचा हात मांडीवरच थांबला. त्यांनी चौरंगाकडे पाहिलं. हलवलेल्या कळसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एक बोट वर करून त्यांनी ते हवेत गोल फिरवलं.

"पुन्ना बोलावतोय?" सोजरबाईंनी विचारलं. "ह्यांनी आत्ता तर पाठवलं."

"हो," मी म्हटलं.

"पोरं खेळतील तितक्यांदा?"

"हो, सोजरबाई."

नाझनीननं घाईघाईनं गेम बंद केला. "काढून टाकू का काका? मी काढते, काय व्हायचं ते होऊ दे." ती रडत होती. तिला काढता येणार नव्हतं. गेम प्रकाशकाच्या ताब्यात गेला होता, आणि त्या आवाजावरचे सगळे कागद माझ्या हातून नीट, पक्के होऊन गेले होते. हे बुवांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मग ते पुढे सरकले. चौरंगावरच्या तांदळातले मूठभर तांदूळ घेतले आणि मला जवळ बोलावलं. माझा हात उलगडून त्यांनी ते तळव्यावर ठेवले, एकेक करून माझी बोटं मिटवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. आतापर्यंत त्यांच्या प्रत्येक खुणेचा अर्थ सोजरबाई सांगत होत्या. या खुणेचा त्यांनी सांगितला नाही.

चैत्रात सोजरबाईंचा फोन आला. "गेले," त्या म्हणाल्या. "नीट गेले."

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. चित्रपटवाले येतात, गाणारे येतात, गेमवाले तर सतत येतात. माझ्या प्रत्येक करारात एक कलम असतं: सादरीकरण विधीचा भाग असेल, तर तो विधी त्याच जागी पुरा करण्याची मुभा कलाकाराला राहील. परदेशातले वकील त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढून पाठवतात. मी उत्तर पाठवते. कलम काढत नाही.

आणि दिवेलागणीला मी उठते. समोर कितीही मोठा माणूस बसलेला असो, कुठलंही गाव असो. माझ्याकडच्या मुली सांगतात, मॅडमची संध्याकाळची पूजा असते. एकदा एकीनं विचारलं, "मॅडम, सगळे देवाला बोलावतात, तुम्ही रोज निरोपाची उत्तरपूजा कशी काय करता?" मी गप्प बसले.

गेल्या वर्षी तो गेम दुकानांतून काढून टाकला. जुना झाला होता. नाझनीननं सोलापूरहून फोन करून सांगितलं, आता ती तिथंच असते.

"म्हणजे आता कुणी खेळत नाही?" मी विचारलं.

"नव्यानं नाही. पण ज्यांच्याकडे आहे, ते..." ती थांबली. तांदळाचं तिला माहीत होतं. "असतील गं कुठं तरी एक-दोघं."

बाहेर दिवे लागत होते. मी फोन ठेवला आणि ताम्हनात तांदूळ घेतले.